कोंडाबाईंचं लिंबू आणि माझी पिवळी वायर

दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडं गमतीचे अनुभव मागितले होते. म्हणाले, मिस्त्री, पंचवीस-तीस वर्षं ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये घातली तुम्ही, एकेक नमुने भेटले असतील, तेवढे लिहा. नमुने भेटले की. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालणारे भेटले. उसाच्या ट्रॅक्टरला मांडवाएवढी लायटिंग आणि वर चार स्पीकर लावून "बॅटरी का उतरती?" असं मलाच दमात घेणारे भेटले. एक गृहस्थ बॅटरीत विहिरीचं पाणी ओतून आले होते, वर म्हणतात, "आमच्या हिरीचं पानी लई ग्वाड हाय हो!" यांच्यावर लिहिलं असतं तर अंकवाले खूश झाले असते. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडंच वळतो. या धंद्यात मी जेवढा हसलो त्याच्या दुप्पट भ्यालो आहे, आणि मनात साठलंय ते भ्यायलेलंच आहे.

भीती शॉकची नव्हे. बाहेरच्या लोकांना वाटतं वायरिंगवाला म्हणजे शॉक. अहो, ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, दोन्ही टोकं हातात धरली तरी मुंगीसुद्धा चावत नाही. मी भितो बंद असलेल्या ट्रॅक्टरला. चालू ट्रॅक्टर आवाज करतो, माणूस बाजूला होतो. बंद ट्रॅक्टरच्या पुढं मात्र माणूस बसतो, जेवतो, पोराला झोपवतो.

हे मला पहिल्यांदा कळलं सास्तूरला. तेव्हा मी ढोकीला उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. कारखान्यावर ऊस घेऊन येणारे ट्रॅक्टर आमच्या दुकानापुढं रांगेनं उभे असायचे, त्यातल्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचा सास्तूरहून निरोप आला. भूकंप होऊन तीन-चार वर्षं झाली होती, गाव नव्या जागी बसलं होतं. आम्ही पोचलो तर गल्लीतली माणसं अजून बाहेर मोकळ्या पटांगणात, बायांच्या कडेवर पोरं. दिवस उजाडताना त्या ट्रॅक्टरचा हॉर्न आपोआप वाजायला लागला होता आणि थांबेचना. झोपेतून उठलेल्या माणसांना काय कळणार हॉर्न आहे का काय आहे! जो तो बाहेर पळाला. हॉर्नची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती, एवढंच. हॉर्नचं बटण दाबलं की ती वायर बॉडीला टेकते आणि हॉर्न वाजतो. ती बटणाविनाच टेकली होती. मी दोन मिनिटांत टेप मारला आणि हसत सांगितलं, "काय न्हाय, वायर घासलीया." कोणी हसलं नाही. एक म्हातारा तिथंच मातीत बसून राहिला होता, त्याला उठवता येईना. परत येताना उस्ताद एवढंच म्हणाले, "वायर छोटी होती है बेटा, डर छोटा नहीं होता." 

उस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. पक्कं काम लाल-काळ्या वायरीत करायचं आणि तात्पुरतं काम पिवळ्या वायरीत. म्हणजे पुढं कोणीही ट्रॅक्टर उघडला तर त्याला कळावं, हे काम अजून व्हायचंय. मी ते इमानानं पाळलं. परंड्याला स्वतःचं दुकान टाकल्यावर पिवळ्या वायरीचं भेंडोळं मी सगळ्यात आधी आणलं. दरवर्षी ते संपायचं आणि दरवर्षी नवं आणायचो. तात्पुरतं काम एवढं का लागतंय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता थोडं वायरिंग सांगतो. अवघड नाही. चावीच्या पाठीमागं दोन वायरी महत्त्वाच्या. एकीत बॅटरीचा करंट कायम उभा असतो, चावी बंद असली तरी. दुसरी वायर सेल्फकडं जाते. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटार. चावी फिरवली की या दोन वायरी एकमेकींना भेटतात आणि सेल्फ मारतो. म्हणजे चावीचं काम दोन वायरींची गाठ घालून देणं, एवढंच. ती गाठ आणखी कशानं पडली, तरी सेल्फला काय फरक पडतो? त्यात जुनं डिझेल इंजिन. त्याला चालू राहायला करंट लागतच नाही. एकदा फेरा बसला की ते चालतं, आणि बंद करायचं तर डिझेल तोडणारा स्टॉपर ओढून धरावा लागतो.

यावर कंपनीनं एक तोडगा ठेवलेला असतो. गियरबॉक्सवर सुपारीएवढा स्विच असतो, न्यूट्रल स्विच. गियर पडलेला असेल तर तो सेल्फची वायर मधेच तोडतो. मग चावी कितीही फिरवा, सेल्फ लागत नाही. ट्रॅक्टर गियरमध्ये असताना चालू होऊन माणसाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. सुपारीएवढी वस्तू, पण माणसं त्यावर जगतात.

तो स्विच चिखलानं, तेलानं लवकर खराब होतो. आणि खराब होतो नेमका पेरणीत. सोनारीच्या अलीकडं नागनाथआबांची वस्ती आहे, त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरचं असंच झालं. मी गेलो, बल्ब लावून तपासलं, म्हटलं, "आबा, स्विच गेलाय. बार्शीहून मागवावा लागंल, दोन दिवस लागतील."

"दोन दीस?" आबा खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाले. "मिस्त्री, पेरणीचा वाफसा निघून चाललाय. डायरेक करून द्या की."

डायरेक करणं म्हणजे स्विचकडं येणाऱ्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून टाकणं. मग गियर असो नसो, सेल्फ लागतो. आमच्या भागात हा शब्द रोज दहादा कानावर पडतो. मी पिवळ्या वायरीचा वीतभर तुकडा काढला, जोडला, टेप मारला. "आठ दिवसात स्विच बशिवतो बरं का, आठवण करा," म्हटलं. आबांनी व्हय-व्हय म्हटलं. ना त्यांनी आठवण केली, ना मी. पेरण्या आटपल्या, दोन वर्षं गेली, आणि खरं सांगतो, तो तुकडा माझ्या डोक्यातून साफ निघून गेला.

मग एका आषाढात आबांच्या मुलाचा, बाळूचा, फोन आला. "मिस्त्री, ट्रॅक्टर आपुआप चालू झाला. आपुआप! चावी माज्या खिशात हुती."

मी म्हटलं, "कालची अजून उतरली न्हाय का रे?"

"आईशप्पथ! आमी समदी चा पीत हुतो. गुरगुरला, आन चालाय लागला. कडब्याच्या गंजीत जाऊन घुसला आन बंद पडला."

दुसऱ्या दिवशी गेलो. त्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक कधीच संपलेला, आणि अंगण उताराचं. म्हणून बाळू ट्रॅक्टर उभा करताना पहिल्या गियरमध्येच टाकून ठेवायचा. सगळेच ठेवतात. मी चावी तपासली, वायरी हलवून बघितल्या, डॅशबोर्डच्या पुढचं झाकण कधीच पडलेलं होतं ते नवं बसवा म्हणून सांगितलं. दोष काही सापडला नाही. चावी आतून चिकटली असेल म्हणून चावी बदलली आणि आलो.

पुढच्या महिन्यात पुन्हा फोन. या वेळी गोठ्याची भिंत पाडली होती, कालवड थोडक्यात वाचली. पुन्हा गेलो, पुन्हा तासन् तास बघितलं, पुन्हा काही नाही. असा दोष आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट. वायर जळाली तर वास येतो, तुटली तर बल्ब लागत नाही. पण जो दोष येतो, जातो आणि आपण गेलो की लपतो, त्याच्यापुढं मिस्त्रीचं शिक्षण संपतं.

आबांच्या कारभारीण कोंडाबाई ओसरीत बसून माझ्याकडं बघत होत्या. बारीक अंगाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या म्हणाल्या, "तुमच्या बल्बात न्हाय दिसायचं ते. मागल्या टायमाला आवस हुती. ह्या टायमाला बी आवसच हुती."

मी तोंडानं "काहीतरीच काय, आई" म्हणालो. पण घरी येऊन कालनिर्णय काढून बघितलं. दोन्ही दिवस अमावस्येचे होते. करंटला अमावस्या कळत नाही, हे मला कळतं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "ॲसिडिटी."

शेवटी ठरवलं, पुढच्या अमावस्येला दिवसभर तिथंच जाऊन बसायचं. बाळूला सांगितलं, "कायबी बदलायचं न्हाय. रोज जसा लावतोस तसाच लाव. गियरमधीच." दोष पकडायचा तर त्याला त्याच्या सवयीची जागा द्यावी लागते. फक्त एक खबरदारी घेतली. स्टॉपर ओढून सुतळीनं घट्ट बांधून टाकला, म्हणजे सेल्फ लागला तरी इंजिन पेटणार नाही. हे मी केलं, आणि त्या दिवसातली हीच एक गोष्ट मला आज सांगायला लाज वाटत नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. काही नाही. समोर कडुनिंबाखाली आबा पोत्यावर बसले होते, पाय लांब सोडून, भुईमुगाच्या शेंगा फोडत. पुढच्या चाकापासून त्यांचे पाय हातभर अंतरावर. मला ते दिसत होतं. "आबा, बाजूला व्हा" म्हणायचं ओठावर आलं होतं. पण स्टॉपर बांधला होता, चावी काढलेली होती, आणि मिस्त्रीच भितोय असं दिसायला नको म्हणून मी बोललो नाही.

सेल्फची वायर हातानं चाचपत जावी म्हणून मी ट्रॅक्टरच्या पोटाखाली शिरलो, उताणा. चावीपासून खाली येणारी वायर बोटांनी धरून पुढं सरकत गेलो. गियरबॉक्सपाशी आलो आणि माझ्या बोटाला टेपचा गोळा लागला. पुसून बघितलं. चिखलाखालून पिवळा रंग दिसला.

काय सांगू! दोन वर्षांपूर्वीचा वाफसा, आबांचं उपरणं, "आठ दिवसात बशिवतो", सगळं एका क्षणात आठवलं. सेल्फ कशानं का लागत असेना, ट्रॅक्टर चालत होता तो माझ्यामुळं. तो स्विच जागेवर असता तर गियरमधला ट्रॅक्टर तसूभर हलला नसता. आणि तो आत्ताही गियरमध्ये होता आणि मी त्याच्या खाली होतो.

"बाळू, न्यूट्रल कर." तीन शब्द. मला ते तेव्हाच ओरडायचे होते. पण बाळू विचारणार, का मिस्त्री, काय झालं? मग पिवळी वायर दाखवावी लागणार. मी म्हटलं, थांब, आधी काय सांगायचं ते ठरवू. मी तिथं पडून सबब जुळवत होतो. तेवढ्यात बाजूला पावलं आली. हिरव्या लुगड्याचा काठ, पायात जोडवी. कोंडाबाई. वर काहीतरी खुटखुट केलं आणि पावलं निघून गेली. मला वाटलं, हळदीकुंकू वाहिलं असेल.

मग कानाजवळ आवाज आला. टक्.

सेल्फ लागताना आधी असा एक टक् होतो. हजारो वेळा ऐकलेला आवाज. पण चाकांच्या मधे पडून तो पहिल्यांदाच ऐकत होतो. सेल्फ घरघरला. इंजिन पेटलं नाही, पण गियर पडलेला, त्यामुळं नुसत्या सेल्फच्या जोरावर ट्रॅक्टर माझ्यावरून पुढं सरकला. एक हिसका, दुसरा हिसका. मागच्या चाकाचा रबर माझ्या दंडाला घासत होता. बाहेरून आबांचा आवाज आला, ओरडण्याचा नव्हे, नुसता "आ" असा.

मी कसा बाहेर आलो ते आठवत नाही. बॅटरीची पेटी पायरीखाली होती, तिची क्लिप पान्ह्यानं ठोकून उपटली. ट्रॅक्टर थांबला. थांबला तो आबांच्या उजव्या पावलावर. बाळू धावत चढला, क्लचवर पाय ठेवणार, तसा मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "क्लच दाबू नको! उतार हाय, अंगावर जाईल!" मग बाळूनं आणि शेजारच्या वस्तीवरच्या गड्यानं पहार घालून पुढचा आस उचलला, मी आबांना काखेत धरून मागं ओढलं. आबांची शुद्ध होती. पोत्यावर शेंगा तशाच होत्या आणि त्यांच्यावर रक्त होतं.

आबांना जीपमध्ये घालून बार्शीला नेलं. मी मागं राहिलो. सगळे गेल्यावर ट्रॅक्टरजवळ गेलो, आणि डॅशबोर्डच्या उघड्या जागेत बघितलं. चावीच्या मागं, वायरींच्या जुडग्याला, एक ताजं लिंबू, बिब्बा आणि सात मिरच्या लटकत होत्या. बांधकामाच्या बारीक लोखंडी तारेत ओवलेल्या. लिंबाच्या वजनानं तारेचा फास खाली ओढला गेला होता आणि चावीच्या त्या दोन्ही टोकांवर बरोबर आडवा बसला होता. तार तापून निळी पडली होती. करपलेल्या लिंबाचा वास येत होता.

मग सगळा उलगडा झाला. कोंडाबाई दर अमावस्येला ट्रॅक्टरला लिंबू बांधायच्या. आधी पुढं जाळीला बांधायच्या, दोऱ्यात. शेतातून जाताना ते तुटून पडायचं, म्हणून त्या पावसाळ्यापासून आत बांधायला लागल्या, आणि दोरा तुटतो म्हणून तारेत. ताजं लिंबू जड, ते तारेला खाली ओढायचं. दोन-चार हिसके बसले की फास सुटायचा. आणि विपरीत काही घडलं की त्या लगेच ते लिंबू काढून तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, टाकून यायच्या, पीडा त्यानं ओढून घेतली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी पोचायचो तेव्हा दोष तिकटीवर पडलेला असायचा.

संध्याकाळी बार्शीला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात भावकी जमली होती. आबांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. मी लिंबू आणि तार रुमालात बांधून नेली होती. ती दाखवली, समजावून सांगितलं. सगळे तोंडात बोट घालून ऐकत होते. कोणीतरी म्हणालं, "म्हंजी म्हातारीच्या लिंबानंच आबाचा पाय घेतला म्हणा की!" कोंडाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाट बघत असल्यासारखं बघितलं.

तिथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. लिंबानं सेल्फ लागला, पण ट्रॅक्टर चालला माझ्या वायरीनं. नाही बोललो. घाबरलो. भावकीला घाबरलो, पोलिसांना घाबरलो, दुकानाला घाबरलो. आत खाटेवरून आबांनी मला बोलावलं आणि माझा हात धरून म्हणाले, "मिस्त्री, तुमी स्टापर बांधला म्हणून जीव वाचला. देवावानी आला बघा." मी मान हलवली. देवासारखी मान हलवली हो! त्या हललेल्या मानेचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीहूनच नवा स्विच घेऊन वस्तीवर गेलो, बसवला, पिवळा तुकडा काढून खिशात घातला. कोणी बघितलं नाही. तो तुकडा मी घरी बिस्किटाच्या डब्यात ठेवला, वर पक्कडी ठेवल्या. सोनारीच्या रस्त्याचं काम शक्यतो घेईनासा झालो. कुठल्याही गावात ट्रॅक्टरखाली माणूस सापडल्याची बातमी आली की माझा पहिला प्रश्न, गाव कोणतं? मग जुन्या गिऱ्हाइकांची यादी मनात फिरायची. किती ठिकाणी पिवळी वायर लावली? मोजताच येईना. पन्नास? शंभर? प्रत्येक ठिकाणी म्हटलं होतं, आठ दिवसात.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. आबा दोन वर्षांपूर्वी वारले, म्हातारपणानं. मी दहाव्यालासुद्धा गेलो नाही. डोळ्यांना मोतीबिंदू आला, दुकान बंद केलं. यंदा चैत्रात सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेला गेलो होतो, तिथं नारळाच्या दुकानापाशी बाळूची बायको मंगल भेटली. म्हटलं, आई कुठं आहेत?

"आत्या येत न्हाईत आता जत्रंला," ती म्हणाली. "आबांच्या पायाचं झालं तवापासून. देवाम्होरं कोन्त्या तोंडानं जाऊ म्हनत्यात. घरात लिंबू येऊ देत न्हाईत, मिस्त्री. हिरीवरलं लिंबाचं झाड तोडाय लावलं. पोरं पोह्यावर लिंबू मागत्यात तर उठून जात्यात. आबा जाईस्तोवर रोज पाय चेपायच्या, आन म्हनायच्या, म्या केलं, म्या केलं."

मी देवळात गेलो नाही. बाहेरूनच हात जोडले आणि घरी आलो. डबा उघडला.

दोन दिवसांनी त्यांच्या अंगणात उभा होतो. तोच उतार, तोच कडुनिंब. खरं सांगू? चाकाखाली पडलो होतो तेव्हा जेवढा भ्यालो नव्हतो तेवढा त्या ओसरीच्या पायरीवर भ्यालो. कोंडाबाई ज्वारी पाखडत होत्या. अजून बारीक झाल्या होत्या. त्यांनी ओळखलं, "या मिस्त्री" म्हणाल्या, मंगलला पाणी आणायला सांगितलं.

मी पिवळी वायर त्यांच्या सुपाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पळून आलो असतो. चाकाखाली पडून सबब जुळवत होतो तेही सांगितलं, आणि हे दिवाळी अंकात लिहिणार आहे तेही.

त्यांनी ती वायर उचलून उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "म्हंजी ते बटन जाग्याव असतं तर?"

"तर तुम्ही शंभर लिंबं बांधली असती तरी ट्रॅक्टर हलला नसता, आई."

"आन हे तुमाला तवाच ठावं हुतं. दवाखान्यात."

"व्हय."

मला वाटलं, आता शिव्या देतील. सूप फेकून मारतील. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि आत बघून हाक मारली, "मंगल! भाईर ये. बाळूला बलीव. पोरास्नी बी बलीव." सगळे आले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता सांगा पुन्यांदा. मोठ्यानं सांगा."

मी पुन्हा सांगितलं. बाळू ऐकता ऐकता खाली बसला. माझ्याकडं बघेना. शेवटी उठून गोठ्याकडं निघून गेला. मंगल रडत होती. रस्त्यानं शेजारच्या वस्तीवरचा गडी चालला होता, आस उचलणारा तोच. कोंडाबाईंनी त्यालाही थांबवलं. "हितं ये. मिस्त्री काय म्हनत्यात ऐक." मी तिसऱ्यांदा सांगितलं. उन्हं उतरेपर्यंत पाच वेळा सांगून घेतलं त्यांनी माझ्याकडून. आवाज बसला की म्हणायच्या, "पानी प्या. आन मोठ्यानं."

निघताना त्यांनी विचारलं, "ते दिवाळीच्या बुकात लिव्हनार हाय म्हनला न्हवं तुमी?" मी हो म्हटलं, आणि घाईनं सांगितलं की काळजी करू नका, नाव कुणाचं घालणार नाही.

"घाला की!" त्या एकदम चवताळल्या. "म्या केलं म्हनून नऊ वर्सं समद्या गावानं माजं नाव घेतलं. आता न्हाय केलं म्हनून बी घिऊ द्या."

या दिवाळीपर्यंत मी बारा ट्रॅक्टर शोधून त्यांचे स्विच बसवून आलो आहे. डोळ्यांना नीट दिसत नाही, हातानं चाचपून काम करतो. राहिलेले कुठं आहेत मला आठवत नाही. ज्यांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या गियरबॉक्सपाशी पिवळ्या वायरीचा वीतभर तुकडा असेल त्यांनी आज ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकून चाकाला धोंडा लावावा, पुढं कुणाला बसू देऊ नये, आणि परंड्याला मला निरोप धाडावा.

आणि आता मोठ्यानं सांगतो. सोनारीच्या अलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या नागनाथआबांची बोटं कोंडाबाईंच्या लिंबानं गेली नाहीत. ती माझ्या पिवळ्या वायरीनं गेली. कोंडाबाईंनी काही केलं नाही.